सहा फुटांची भिंत: शिकागोची मोनॅडनॉक आणि दांडिया बाजारातला वाडा

बडोद्याच्या कलाभवनात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीबद्दल. तिचा उत्तरेकडचा भाग १८९१ साली विटांच्या भारवाही, म्हणजे वरचं ओझं स्वतः पेलणाऱ्या भिंतींवर सोळा मजले उभा राहिला आणि तळाशी भिंत सहा फूट जाड ठेवावी लागली. पण त्याच शहरात लोखंडी सांगाड्याची होम इन्शुरन्स इमारत १८८५ सालीच झाली होती. मग ही चूक होती की हट्ट? दुसरा प्रश्न घरचा आहे. दांडिया बाजारात त्याच्या आजोबांचा वाडा आहे, रस्त्याकडची भिंत सव्वादोन फूट जाड. घरच्यांचं म्हणणं, एवढी जाडी फुकटची आहे, भिंत फोडून दोन गाळे काढू. काढता येतील का?

जुन्या इमारतींची तपासणी करत मला बडोद्यात पस्तीस वर्षं झाली. मोनॅडनॉक मी एकदाच पाहिली, पण दोन दिवस तिच्याभोवती फिरले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर दुसऱ्याचं बरंचसं तुमचं तुम्हालाच सापडेल, म्हणून आधी शिकागो.

चूक नव्हती. हट्ट होता, पण तो मालकाचा, आणि त्याला कारणं होती. बोस्टनचे पीटर आणि शेपर्ड ब्रूक्स हे बंधू शिकागोत भाड्याने द्यायच्या कचेऱ्या बांधत. त्यांचं तिथलं सगळं काम ओवेन आल्डिस पाहायचा आणि आर्किटेक्ट असायचे बर्नहॅम आणि रूट. याच मंडळींनी आधी १८८२ची माँटॉक आणि १८८८ची रूकरी उभी केली होती. म्हणजे हे नवखे लोक नव्हते. १८७१च्या आगीनंतर नव्याने वसलेलं शहर, मध्यवस्तीत जमिनीचे भाव चढलेले, लिफ्ट आलेली. मजले वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण सांगाड्याची पद्धत तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची होती, आणि उघडं लोखंड आगीत कसा दगा देतं ते शिकागोने डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्याचा पैसा शंभर वर्षांसाठी अडकणार, त्याने विटेवर भरवसा ठेवला यात मला मूर्खपणा दिसत नाही.

पीटर ब्रूक्सचा दुसरा आग्रह मला जास्त महत्त्वाचा वाटतो. भिंतीच्या बाहेर काही येता कामा नये, असं त्याचं बजावणं होतं. कंगोरे आले की धूळ साचते, कबुतरं बसतात, साफसफाईचा खर्च वाढतो. सजावटीची हौस असलेल्या रूटला हे आधी रुचलं नाही. मग त्याला इजिप्तच्या देवळांच्या उतरत्या भिंतींची आठवण झाली आणि त्याने ती भिंतच घडवायला घेतली. जाडी लागणारच आहे ना, मग ती लपवायची कशाला? तळाला भिंत रस्त्याकडे हलकेच पसरते, पहिल्या मजल्यावर आत वळून सरळ वर चढते, आणि अगदी माथ्यावर पुन्हा बाहेर झुकते. मधे कुठे पट्टा नाही, नक्षी नाही.

जॅक्सन आणि डिअरबॉर्न रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभं राहून मी वर पाहिलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी फोटोत कधी दिसली नव्हती. इमारतीचा कोपरा खाली स्वच्छ काटकोनी आहे. वर जाता जाता त्याची धार मोडत जाते, आधी बोटभर, मग वीतभर, आणि माथ्यापाशी तर ती चांगली रुंद पट्टी होते. सरळ विटेने हे होत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या साच्यांत विटा घडवून घेतल्या होत्या. जांभळट तपकिरी रंगाच्या त्या विटांवर मी हात फिरवला. वळणावरची एकही वीट तासलेली नव्हती, भाजतानाच वळण घेऊन आलेली. आपल्याकडचा गवंडी थापीच्या धारेने वीट तोडून गोलाई आणतो आणि वर गिलाव्याने झाकतो. तिथे झाकायला गिलावाच नाही. रूट मात्र ही इमारत पुरी झालेली पाहू शकला नाही. जानेवारी १८९१ मध्ये न्यूमोनियाने तो गेला, वय अवघं एकेचाळीस.

आता सहा फुटांचा हिशेब. त्या काळी एक ढोबळ नियम होता: एकमजली भिंतीला १२ इंच, आणि पुढच्या प्रत्येक मजल्यामागे ४ इंच जास्त. सोळा मजले म्हणजे १२ अधिक पंधरा चोक साठ, एकूण ७२ इंच. झाले सहा फूट. पण नियम पाठ करून थांबू नका, वजन मांडून पाहा. वीटकामाचा एक घनमीटर साधारण १९०० किलो धरा. इमारत सुमारे ६६ मीटर उंच. सगळीकडे सारख्या जाडीची भिंत तेवढी उंच नेली तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १२५ टन येतात, आणि हे नुसतं भिंतीचं स्वतःचं ओझं. मजले, माणसं, टेबलं, कागदपत्रं अजून आलीच नाहीत. जुन्या वीटकामाला एवढा दाब सुखाचा नाही. पण तीच भिंत वर जाताना निमुळती होत दीड फुटावर आली की सरासरी जाडी पावणेचार फुटांच्या आसपास राहते आणि तळाचा दाब ८० टनांच्या आत येतो. खिडक्यांची भोकं आणि मजल्यांचा भार त्यावर मिळवावा लागेल, पण मुद्दा कळला असेल. ती सहा फुटी जाडी मुख्यतः मजले उचलायला नव्हती, भिंतीला स्वतःचंच अंग उचलायला होती. उंची वाढवा, जाडी वाढते. जाडी वाढवा, वजन वाढतं. वजनासाठी पुन्हा जाडी.

याची किंमत मोजावी लागली ती जागेत. इमारतीची रुंदी जेमतेम ६८ फूट. दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट भिंतीत गेले तर तळमजल्यावर रुंदीचा जवळजवळ सहावा हिस्सा गेला. आणि तळमजला म्हणजे दुकानं, सगळ्यात जास्त भाड्याची जागा. रूटने बाहेर झुकणाऱ्या खिडक्यांच्या उभ्या रांगा काढून वरच्या मजल्यांवर थोडी जागा आणि पुष्कळ उजेड परत मिळवला. आतल्या जिन्यांवरून छपराचा उजेड खाली उतरतो. त्या जिन्यांच्या कामात अॅल्युमिनियम वापरलंय, इमारतीत हा धातू वापरण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी ते एक.

इथे एक दुरुस्ती करते, कारण तुमच्या प्रश्नातही तो समज डोकावतो. मोनॅडनॉकचा उत्तर भाग म्हणजे नुसत्या विटांची इमारत नव्हे. बाहेरच्या भिंती भारवाही आहेत, पण आत ओतीव आणि घडीव लोखंडाचे खांब आणि तुळया आहेत. मजल्यांचा आतला भार त्यांच्यावर उतरतो. वाऱ्याच्या जोरासाठी लोखंडी चौकटी घातल्या, अमेरिकेत तसं करण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न. थोडक्यात, बाहेर भिंत आणि आत सांगाडा. हे वाक्य लक्षात ठेवा, वाड्यापाशी आल्यावर लागेल.

पण माझ्या मते या इमारतीची खरी गोष्ट जमिनीच्या वर नाहीच, खाली आहे. शिकागो मऊ, ओल्या चिकणमातीवर बसलेलं गाव आहे. खडक फार खोल. माँटॉकच्या वेळी रूटने काँक्रीटमध्ये लोखंडी रूळ आडवे-उभे घालून भार पसरवायची युक्ती वापरली होती, तीच इथे मोठ्या प्रमाणावर केली. दोन फूट जाडीचा काँक्रीटचा थर, त्यात पोलाद, आणि तो भिंतींच्या बाहेर ११ फुटांपर्यंत रस्त्याखाली पसरलेला. चिखलात फळी टाकून चालावं तसं. इमारत खचणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ८ इंच खचेल असा हिशेब करूनच ती बांधली होती. १९०५ पर्यंत ते आठ इंच पुरे होऊन वर आणखी काही इंच गेले आणि तळमजल्याची जमीन पुन्हा करावी लागली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा २० इंचांवर पोचला.

वीस इंच म्हणजे किती हे कागदावर कळत नाही. फुटपाथवरून दारात शिरताना मी पायरी चढायच्या तयारीने पाय उचलला, आणि तो खाली गेला. कचेरीत शिरताना आपण चढतो, उतरत नाही. बडोद्यात न्यायमंदिरात जा नाहीतर कोठी कचेरीत, जोतं चढूनच जावं लागतं. तिथे मात्र एक पायरी खाली. एवढं खचूनही सोळा मजले उभे आहेत आणि आजही तिथे भाडेकरू आहेत, याचं कारण इमारत बऱ्यापैकी सारखी खचली. एका कोपऱ्याने चार इंच आणि दुसऱ्याने वीस इंच मुक्काम गाठला असता तर विटांच्या भिंतीने ते सोसलं नसतं. बडोद्यात काळ्या जमिनीवर काम करणाऱ्याने हे कोरून ठेवावं. आपली माती पावसाळ्यात फुगते, वैशाखात आक्रसते. इमारत किती हलली यापेक्षा कुठे जास्त आणि कुठे कमी हलली, त्याने तडे जातात.

दक्षिणेकडचा भाग ब्रूक्स बंधूंनी लगेच हाती घेतला, पण तो होलाबर्ड आणि रोश या दुसऱ्या आर्किटेक्टांना दिला. १८९३ मध्ये तो पुरा झाला, पोलादी सांगाड्यावर. विटा आणि टेराकोटा तिथेही आहेत, पण त्या अंगरख्यासारख्या. त्यांच्यावर मजला नाही. त्या मालकांनी चार तुकड्यांना न्यू इंग्लंडमधल्या डोंगरांची नावं दिली: मोनॅडनॉक, किअरसार्ज, कटाडिन, वाचुसेट. दोन वर्षांच्या अंतराने, त्याच मालकांच्या पैशांतून, एकाच रांगेत, दोन युगं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. डिअरबॉर्न रस्त्याने चालत गेलं की उत्तरेकडच्या दुकानाची खिडकी खोल कोनाड्यात दिसते, आणि दक्षिणेला आलं की काच एकदम रस्त्याच्या अंगाला येते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या काचेत आहे. सांगाड्याची पद्धत मालकांनी नाकारली नव्हती, ती खात्रीची वाटेपर्यंत थांबले होते. होम इन्शुरन्स १९३१ साली पाडली गेली. मोनॅडनॉक १९७९ नंतर फार निगुतीने, मूळ लाकूडकाम आणि फरशा शोधून शोधून दुरुस्त झाली आणि कचेरी म्हणूनच चालू राहिली.

ज्या १८९० मध्ये तिकडे ही तयारी चालू होती, त्याच वर्षी इकडे सयाजीराव महाराजांनी तुमचं कलाभवन सुरू केलं आणि लक्ष्मीविलास पॅलेस पुरा झाला. त्याचे पहिले आर्किटेक्ट मेजर मँट १८८१ मध्ये वारले होते, म्हणून तो राजवाडा चिझम या दुसऱ्या आर्किटेक्टने शेवटास नेला. तोही जाड भिंतींचा. पण सांगाड्याची कल्पना समजायला तुम्हाला राजवाड्यात जायची गरज नाही. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना १९१० मध्ये बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. तिथल्या पुस्तकांच्या दालनातली पोलादी कपाटं अमेरिकेतल्या स्नेड कंपनीची आहेत आणि मजल्यांना काचेच्या फरशा. कपाटांचे उभे पोलादी खांबच वरचा मजला तोलतात. उजेड काचेतून खाली झिरपतो. भिंतीला हात न लावता पुस्तकांचं ओझं जमिनीपर्यंत कसं जातं, ते तिथे डोळ्यांना दिसतं.

आणि त्याच्याही आधीचं उदाहरण तुमच्या घरात आहे. आपला मराठी वाडा सांगाड्याचाच असतो. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, त्यावर तुळई, तिच्यावर कड्या आणि पाट. तांबेकर वाडा चित्रांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे गेलात की घटकाभर चित्रं सोडून खांब आणि तुळया पाहा. अडचण इतकीच की वाड्याच्या आत सांगाडा असतो, तसा बाहेरच्या भिंतीत असेलच असं नाही. कुठे तुळईचं टोक सरळ भिंतीवर टेकवलेलं असतं, म्हणजे तुमची भिंत मोनॅडनॉकच्या उत्तर भागासारखी: बाहेर भिंत, आत सांगाडा. कुठे भिंतीच्या पोटात लाकडी खांब उभा असतो आणि विटा नुसत्या भरलेल्या, म्हणजे दक्षिण भागासारखी. बाहेरून, गिलाव्यावरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. त्यामुळे सव्वादोन फूट फुकट आहेत की नाहीत, हे घरात बसून कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.

तिसरी शक्यता सर्वांत वाईट, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. बरीच वर्षं झाली, रावपुऱ्याकडच्या एका गल्लीत वाडा होता. मालकांना शटर बसवायचं होतं. मी गिलावा काढायला लावला, भिंतीत खांब सापडले, तुळया त्यांच्यावर नीट बसलेल्या. मी वरचा भाग पाहून भिंत भरावाची आहे असं लिहून दिलं. फोडकाम सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला आणि दार चौकटीत अडकलं. काम तिथेच थांबवलं, रात्रीतून टेकू दिले, म्हणून निभावलं. सकाळी खांबाचं बूड उकरलं तर जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत साग भुसा झाला होता. मोरीची ओल वर्षानुवर्षं भिंतीत मुरत होती. खांब कधीचाच निकामी झालेला, आणि त्याचा भार हळूहळू शेजारच्या विटांनी उचलून धरला होता. विटा काढल्या तसा तो खाली बसला. बूड तपासायला हवं होतं, ते मी तपासलं नव्हतं. तेव्हापासून खांबाचं बूड पाहिल्याशिवाय मी एका ओळीचाही अभिप्राय देत नाही.

तेव्हा तुमच्या वाड्यात हे क्रमाने करा. वरच्या मजल्यावर प्रत्येक तुळई कुठे संपते ते पाहा आणि रस्त्याकडच्या भिंतीवर त्या जागी आतून फूट-दीड फुटाचा गिलावा हलक्या हाताने काढा. खांब दिसला तर तसाच खाली जोत्यापर्यंत त्याचा माग काढा. लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन बुडाशी टोचा. चांगला साग तुम्हाला आत शिरू देत नाही, कुजलेला शिरू देतो. भिंतीवर आधीच तडे असतील तर त्यांच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरमध्ये चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. हे किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहायला हवं, कारण आपल्या जमिनीत जूनमधलं खरं मार्चमध्ये खरं नसतं.

भिंत भारवाही निघाली तरी गाळा अशक्य नाही. पण एकच रुंद शटर मागू नका. दोन अरुंद दारं घ्या, मधे आणि दोन्ही कडांना भिंतीचे भरभक्कम तुकडे सोडा, आणि ते तुकडे शक्यतो वरच्या खिडक्यांच्या मधल्या भागाच्या बरोबर खाली येऊ द्या, म्हणजे ओझं सरळ उतरेल. फोडण्याआधी भिंतीतून आरपार आडवे गर्डर घालून दोन्ही अंगांना टेकू द्यावे लागतील, आणि टेकूंखाली जाड फळ्या, नाहीतर टेकूच फरशीत घुसतात. मग वरचा कायमचा गर्डर बसवायचा, त्याच्या आणि विटांच्या मधली फट ठासून भरायची, ती भर घट्ट होऊ द्यायची आणि त्यानंतरच टेकू काढायचे. गर्डरची टोकं जिथे टेकणार तिथल्या विटांवर दाब एकदम वाढतो. तिथे दगडी किंवा काँक्रीटची बैठक हवी आणि खाली पाया पाहायला हवा. दुरुस्तीचं बाकी काम चुन्यात करा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि खांब असलाच तर तोही कुजतो.

एखादा मिस्त्री तुम्हाला दोन दिवसांत दोन गर्डर टाकून देतो म्हणेल. त्याला एकच प्रश्न विचारा: विटा काढल्यापासून गर्डर बसेपर्यंत वरचा मजला कशावर उभा असेल? त्याने टेकू कुठे आणि किती हे बोट दाखवून सांगितलं तर पुढे बोला. नाही सांगितलं तर भिंतीला पहार लावू देऊ नका, आणि आजोबांची खोली रस्त्याच्या बाजूला असेल तर कामाच्या दिवसांत त्यांना मागच्या सोप्यात झोपवा.